दुसऱ्याच्या सहीला आपली सही

समजा, जोह्याच्या गणपती कारखान्यात काम करणाऱ्या एका भावाला पेटीत वारलेल्या वडिलांच्या नावचे जुने कागदी शेअर सापडले. मृत्युपत्र नाही. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे आई, मुलगे आणि लग्न झालेल्या मुली यांचा वाटा सारखा. शेअर एकाच्याच नावावर करायचे तर बाकीच्यांची संमती लागते. अशा वेळी कोणी एजंट म्हणतो, "बहिणीला कशाला बोलावता? सही तुम्हीच ठोका. शेजारी जामीन राहील." इथेच आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो.

खोट्या सहीने मालकी बदलत नाही. नोंद झाली तरी खरा मालक आपला हक्क मागू शकतो. मग भरपाई कोणी द्यायची?

इंग्लंडमध्ये शेफिल्ड महापालिकेचे रोखे दोघांच्या नावावर होते. एकाने दुसऱ्याची खोटी सही करून ते कर्जासाठी बँकेला दिले. बँकेने ते खरे समजून नोंदीसाठी महापालिकेकडे पाठवले. पुढे दुसरा मालक उभा राहिला आणि महापालिकेला त्याची भरपाई करावी लागली. ती रक्कम बँकेने द्यावी, असा निकाल १९०५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने दिला. बँकेचा हेतू शुद्ध होता, तरीही!

आपल्याकडे १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड आणि मुंबईच्या मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने मागे रोखे नसताना पावत्या सही करून दिल्या. त्यावर विसंबलेल्या बँकांचे पैसे अडकले आणि या दोन्ही बँकाही बुडाल्या.

जिथे बँका बुडतात, तिथे मजुराचे घर किती टिकणार? १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच. "मी नुसती सही केली" हे उत्तर चालत नाही. रोख्यावर खोटी सही करणाऱ्याला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

म्हणून बहिणीला बोलवा, तिची सही तिलाच करू द्या. जामीन राहण्याआधी हमीपत्र वाचून घ्या, रक्कम विचारा, झेरॉक्स जवळ ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. शेजाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. पण त्या नकाराने दोन घरे वाचतात.