शीत आणि भात

परवा आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासीत असता एका मुलीचे वाक्य आढळले : 'आजीने मला शीत वाढले.' सवयीने मी 'शीत' खोडून तांबड्या शाईने 'भात' लिहिले. वही मिटल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. आपल्या पेडणे-डिचोलीकडे पानात पडते ते शीत आणि खळ्यावर मळतात ते भात. मराठी पुस्तकात 'शीत' म्हणजे शिजलेला एक कण. शितावरून भाताची परीक्षा करावयाची, ती त्याच अर्थाने. शब्द मुलीचा खरा होता. प्रसंग चुकला, एवढेच.

प्रसंग, विषय आणि समोरचा माणूस पाहून भाषेचा जो साचा बदलतो, त्यास भाषाशास्त्रज्ञ प्रयुक्ती म्हणतात; त्या साच्यात राहूनही ज्याची त्याची लकब उमटते, ती शैली. यासाठी ग्रंथ नको, जत्रेतला दशावतार पुरे. तेथे लिहिलेली संहिता नसते. संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात. तरीही राजा भारदस्त मराठीतच बोलतो, मग घरी तोच नट कोंकणीतून गुरे हाकीत का असेना. संकासुर आला की बोली आली, हशा आला. राजाचे मराठी कोणा एका नटाचे नव्हे, ते राजाच्या सोंगाचे. पण एक राजा विलाप करू लागला म्हणजे बायामाणसे डोळ्यांना पदर लावतात, आणि दुसऱ्याच्या विलापात लोक खाज्याच्या पुड्या सोडतात. हा फरक शैलीचा.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली अरबी, ग्रीक इत्यादी समाजांत लिखाणाचे रूप एक व घरचे दुसरे असते, हे दाखविले. दोन निरनिराळ्या भाषांतही अशी वाटणी होते, असे जोशुआ फिशमन यांनी १९६७ मध्ये मांडले. आमचे तसेच आहे : आरती, लग्नपत्रिका, वर्तमानपत्र मराठीत, रुसवा आणि दुखणे कोंकणीत. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराची तरतूदही राहिली. त्यावरचा वाद मोठ्यांनी खुशाल घालावा. मला चिंता आहे ती वहीची.

कारण आपली मुले साच्यालाच शैली समजतात, आणि आम्ही शिक्षक त्यांना तसे समजू देतो. त्याच निबंधाच्या शेवटी आजीचा मृत्यू होता : क्रूर काळाने झडप घातली, अश्रूंचे पाट वाहिले. तेथे चूक एकही नव्हती. मी बरोबरची खूणही केली होती. मधल्या सुट्टीत विचारले, तेव्हा ती कोंकणीतून सांगू लागली की, आजी गेल्यावर कितीतरी दिवस आई तिच्याही वाट्याचे तांदूळ चुकून आधणात घालीत असे. हे निबंधात कोठेच नव्हते. माझी तांबडी शाई पडावयास हवी होती ती त्या अश्रूंच्या पाटांवर.

हेच मराठीत लिहून आण, असे मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दारात उभी राहिली.

"सर, शीत बरोवूं काय भात?"

"आजी बोलते तेथे शीत," मी म्हटले, "आणि तू सांगतेस तेथे तुझे तू ठरव."