बरोबरी की चढ?

दिवाळीत आपल्याकडे पत्ते निघतात ते बदाम सात किंवा फार तर रमीसाठी. पोकरचे नाव काढले तर वडीलधारी मंडळी भुवया उंचावतात, आणि पैशाच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण त्या खेळातला एक पेच मोठा मनोरंजक आहे. समोरच्याने रक्कम लावली, की आपल्याला तीन वाटा. पाने टाकून द्यावीत, तेवढीच रक्कम भरून बरोबरी करावी, किंवा तिच्यावर चढ करावी. (यातली पहिली वाट धर्मराजाने धरली असती तर!) 'नो-लिमिट' प्रकारात चढीला मर्यादा नाही, जवळच्या सगळ्या चकत्या एका दमात लावता येतात.

बरोबरी करणाऱ्याला जिंकायला एकच दार. शेवटी पाने उघडल्यावर त्याची सरस ठरली पाहिजेत. चढ करणाऱ्याला आणखी एक दार असते, ते समोरच्याच्या भीतीचे. तो पाने टाकून मोकळा झाला, की आपल्या हातात काय होते हे दाखवावेही लागत नाही.

2003 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत 839 खेळाडूंतून अखेर दोघे उरले. सॅमी फारहा हा मुरलेला धंदेवाईक आणि टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर. (आडनाव खरेच हे बरे का!) प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने, आणि मध्ये दोघांच्या सामाईक पाच पानांपैकी चार उघडलेली: इस्पिकची नव्वी, अठ्ठी व छक्की आणि चौकटची दुर्री. मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. जुळले काहीच नव्हते. पण त्याला न दिसलेल्या 46 पानांपैकी 15 पाने अशी, की त्यांतले कोणतेही एक आले तर एका रंगाची पाच पाने किंवा पाचांचा क्रम साधावा. म्हणजे आशा तिसऱ्या हिश्श्याची. फारहाने रक्कम लावली, मनीमेकरने चढ केली. फारहाजवळ नव्वीची जोडी होती, त्या घटकेला तोच वरचढ. त्याने नुसती बरोबरी केली.

पाचवे पान आले बदामची तिर्री. मनीमेकरच्या काही कामाचे नाही! तरी त्याने सगळ्या चकत्या पुढे सारल्या. फारहा बराच वेळ घुटमळला आणि त्याने जिंकता डाव टाकून दिला. स्पर्धेचे पंचवीस लाख डॉलर हिशेबनिसाच्या घरी गेले. आदल्या फेरीत तो नुसता बरोबरीवर थांबला असता, तर शेवटची ती धमकी फारहाला खरी वाटली असती असे मला तरी वाटत नाही.

म्हणून बरोबरी हा भित्र्यांचाच मार्ग, असे मात्र नव्हे. मध्ये 100 रुपये साचले आहेत, समोरच्याने 50 लावले. आता 50 भरून 150 मिळायचे, म्हणजे चारांत एकदा जिंकलात तरी नुकसान नाही. आणि शेवटचे पान उघडल्यावर हाती मध्यम पाने असली तर चढ करणे निव्वळ खुळेपणाचे. आपल्याहून हलकी पाने असलेला पळून जातो, भारी पाने असलेला तेवढा ठाण मांडून बसतो.