रांगेतल्यांचा भरवसा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या घालून आणलेल्या त्या माणसांत तिघे महाराष्ट्रातले होते. ‘ते बेकायदा गेले, आपण रांग लावून आलो,’ असं तेव्हा अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत म्हटलं गेलं. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूत राहणाऱ्या मराठी माणसाने तरी असं म्हणण्याआधी आपल्या गावाचा इतिहास वाचावा.

आपल्या हद्दीत कोणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. मात्र तो हक्क बजावताना सरकार जी कारणं पुढे करतं, ती तपासून घ्यावीच लागतात.

आज बेलव्ह्यूत काचेचे मनोरे आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथे जंगलतोडीनंतर उरलेले अजस्र बुंधे होते. जपानी कुटुंबांनी ते सुरुंग लावून उखडले, जमीन लागवडीला आणली, स्ट्रॉबेरी पिकवली. १९२५ पासून गावात भरणारा स्ट्रॉबेरी महोत्सव मुख्यतः त्यांच्याच घामावर उभा होता. अमेरिकेचा दरवाजा उघडा होता तेव्हा ही माणसं आली होती. पण १९२१ साली राज्याने कायदा केला: नागरिक होण्याचा इरादा ज्या परक्याने जाहीर केलेला नाही, त्याला जमीन विकत घेता येणार नाही, खंडानेही कसता येणार नाही. आणि जपान्यांना तो इरादा जाहीर करण्याची मुभाच नव्हती! काहींनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमिनी केल्या, तर १९२३ मध्ये तीही वाट बंद झाली. पुढच्याच वर्षी जपानी स्थलांतर थांबलं.

तेव्हाचं कारण होतं पोटापाण्याचं. मिलर फ्रीमन हे प्रकाशक आणि त्यांची जपानीविरोधी संघटना सांगत असत की हे लोक गोऱ्या माणसाचा धंदा बळकावतात आणि इथल्या समाजात मिसळत नाहीत. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर, १९४२ साली कारण बदललं, सुरक्षा पुढे आली. जपानी वंशाच्या लोकांनी घातपात केल्याचा पुरावा नव्हता. तर आजवर घातपात झालेला नाही हेच संशयास्पद आहे, असा तर्क पश्चिम किनाऱ्याचे लष्करप्रमुख जनरल डेविट यांनी लढवला. एखादं कारण एकदा असं मांडलं की ते खोटं ठरवायला जागाच उरत नाही. त्या मे महिन्यात, स्ट्रॉबेरी तोडणीला येत असताना, बेलव्ह्यूची जपानी कुटुंबं आगगाडीत बसवून कॅलिफोर्नियातल्या पाइनडेल छावणीत नेली गेली. त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेली मुलंही होती. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. पण युद्धानंतर शेतीवर परतलेली कुटुंबं थोडीच होती.

हे जपान्यांचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना दार बंद झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला. १९४६ पासून वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना वाट मिळाली. ज्या रांगेचा आपल्याला अभिमान आहे, ती खऱ्या अर्थाने १९६५ च्या कायद्यानंतरची. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचं शुल्क लागलं. कारण पुन्हा तेच, इथल्यांच्या नोकऱ्या जातात. हे शुल्क रांगेतल्यांनाच लागलं आहे.

सीमेवर ‘आक्रमण’ होत असल्याचं जानेवारी २०२५ च्या सरकारी घोषणेत म्हटलं आहे. आक्रमण म्हणजे नेमकं काय, त्याचा पुरावा कोणता, आणि नोकरी शोधायला आलेल्या माणसाला विमानात बेड्या कशासाठी, हे प्रश्न व्हिसावर असलेल्याने विचारणं धोक्याचं आहे. बेलव्ह्यूतले जे मराठी लोक नागरिक झाले, ज्यांच्या हाती मत आहे, त्यांनी ते आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावेत.