बेणे आधी, जातीचे नाव मागाहून

उसाचा संकर कोइमतूरला होतो, कारण तेथे तुऱ्यात सुपीक बी धरते. गोड उसाचा रानटी उसाशी संकर करून तेथेच १९१८ साली को २०५ निघाली. नवी जात निवडायला १० हून अधिक वर्षे लागतात. ही मेहनत आपण खोडव्याचे बेणे लावून मातीत घालावी, हे आम्हांला पटत नाही. बेणे ९ ते ११ महिन्यांच्या निरोगी लागणीचेच घ्यावे व तीन-चार वर्षांनी बदलावे.

सगळ्या रानात एकच जातही नको. २००९ साली प्रसारित झालेल्या को ०२३८ ने उत्तर प्रदेशात भरभराट आणली; पुढे तिलाच लाल कूज लागली व शेतकरी अडचणीत आला. दोन जाती लावा. एक पडली तरी दुसरी घर चालवील.