आंब्याची फोड

गेल्या पंधरवड्यांत येथील महाद्वार रोडजवळच्या एका परिचित घरीं आम्हीं गेलों होतों. यजमानांनीं बाजारांतून येतांना शेवंतीची वेणी आणली, कोणी पाहण्यापूर्वीं ती कोनाड्यांत ठेविली आणि ते ओसरीवर येऊन बसले. वहिनींनीं ती पाहिली, पण माळली नाहीं. सासूबाई आंत गेल्या तेव्हां हळूच म्हणाल्या, "दोन दिवस माझें डोकें ठणकतें आहे. यांनीं एकदां विचारलें असतें तर वेणी नसती तरी चाललें असतें." यजमान चकित होऊन म्हणाले, "अहो, म्हणून तर वेणी आणली!"

भरल्या घरांत चारचौघांदेखत बायकोची विचारपूस करणें कित्येक पुरुषांना अजूनही जमत नाहीं. त्यांची माया वस्तूंच्या आडून येते, आणि जिला शब्द हवा असतो तिला ती दिसत नाहीं.

आम्हांस त्या वेळीं रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) या पुस्तकाची आठवण झाली. माधवरावांचें बालपण कोल्हापुरांतच गेलें. वडील गोविंदराव येथें संस्थानच्या नोकरींत होते. बर्फीच्या दोन वड्या हातीं आल्या तर मोठी सोबत्यास देऊन धाकटी आपण खाणारा हा मुलगा. १८७३ सालीं विवाह झाला तेव्हां ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकरा वर्षांच्या. त्यांनीं पत्नीस लगेच अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या प्रेमाची रीत ती हीच. शिकण्यापायीं घरांतील वडील बायका रमाबाईंस टोचून बोलत, तें माधवरावांना ठाऊक असे; पण ते मध्यें पडत नसत. शिकवणें मात्र थांबलें नाहीं. त्या मुलीला त्या वेळीं धड्यापेक्षां धीराचा एक शब्द अधिक हवा नसेल काय?

रमाबाईंची माया ताटांतून वाहे. एकदां त्यांनीं हौसेनें आंबा चिरून दिला. माधवरावांनीं एकदोन फोडी खाल्ल्या, गोडीची वाखाणणी केली आणि हात आवरला. रमाबाई मनांत खट्टू झाल्या. तेव्हां त्यांनीं जिभेवर ताबा कसा ठेवावा तें समजावून सांगितलें.

न्यायमूर्तींच्या संयमाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तरीही या एका दाव्यांत आम्हीं निकाल रमाबाईंच्या बाजूनें देऊं. फोड जिभेसाठीं नव्हतीच. ती चिरणाऱ्या हाताला तिची पोंच हवी होती. आणि गंमत पाहा, माधवरावांच्या देण्याची पोंच रमाबाईंनीं किती भरघोस दिली! १९०१ सालीं ते गेले, आणि त्यांनींच गिरवून घेतलेल्या अक्षरांत त्यांच्या पत्नीनें त्यांचा सारा संसार लिहून ठेविला. तो वाचावयास मात्र ते नव्हते.

आम्हीं निघालों तेव्हां वेणी ओल्या फडक्यांत गुंडाळलेली होती. यजमान सहाणेवर सुंठ उगाळीत होते; पाणी फार झालें होतें, आणि वहिनी तें दारांतून पाहत उभ्या होत्या.