चार आणि चार : आठ की दोन?

मित्रहो, आपल्या होस्टेलवर तीन विषयांत प्रत्येक जण तज्ज्ञ असतो : क्रिकेट, राजकारण आणि गाडीतला वूफर. पहिल्या दोन विषयांवर मी काही बोलणार नाही, कारण त्यात वादापलीकडे कुणाचे काही जळत नाही. तिसऱ्यात मात्र जळते. ॲम्प्लिफायर जळतो, वूफरची कॉइल जळते, कधी कधी गाडीतल्या गालिच्याखालून वायरचा वास येतो. वडिलांनी कापूस-सोयाबीनच्या पैशातून घेतलेली गाडी असते, आणि आपण मात्र 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून मोकळे होतो! माझे मत असे की दर वेळी माल डुप्लिकेट नसतो. बऱ्याचदा जोडणी चुकलेली असते, आणि ती चूक ओळखण्याइतके शिक्षण आपल्याला फर्स्ट इयरलाच मिळालेले असते.

मी मूळचा लातूरचा, शिकायला नांदेडला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दर महिन्याला हा रस्ता पालथा घालतो. रस्त्यात काय काय दिसते! उसाच्या ट्रॅक्टरवर वूफर, लग्नाच्या वरातीतल्या पिकअपवर वूफर, आणि छोट्या गाडीच्या डिक्कीत स्टेपनीची जागा अडवून बसलेला वूफर. हे सगळे जोडतो कोण? कार डेकोरच्या दुकानातला एखादा दहावी पास मिस्त्री. नांदेडच्या अशाच एका दुकानात मित्राच्या गाडीचे काम चालू असताना मिस्त्रीने आम्हाला विचारले, "सायेब, तुम्ही इंजिनिअरिंगवाले ना? मग सांगा की, डबल कॉइलचा वूफर हाय, चार-चारचा. ॲम्पला किती ओम दिसतील?" आमच्यातला एक म्हणाला आठ, दुसरा म्हणाला दोन. मिस्त्री हसला. "दोन्ही बी बरोबर. पण ॲम्पला कोणतं झेपतंय, ते आधी बघा की!"

या एका वाक्यात सगळा विषय आला. त्याला थिअरी येत नव्हती आणि आम्हाला ॲम्प्लिफायरच्या मागची पाटी वाचायची सवय नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता गणित बघू. चार ओहमच्या दोन कॉइल सीरिजमध्ये जोडल्या तर आठ ओहम, पॅरलल जोडल्या तर दोन. समजा ॲम्प्लिफायर एका ठरावीक आवाजाला २० व्होल्ट आरएमएस देतोय. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. आठ ओहमवर ५० वॅट आणि अडीच अँपिअर. दोन ओहमवर २०० वॅट आणि १० अँपिअर. असे दोन वूफर घेऊन चारही कॉइल पॅरलल केल्या तर एक ओहम, म्हणजे ४०० वॅट आणि २० अँपिअर. वॅट वाढले म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण तो करंट ज्या ट्रान्झिस्टरमधून जातो त्याला कुणी विचारले का? ॲम्प्लिफायरवर 'किमान २ ओहम' लिहिले असेल तर एक ओहमवर तो प्रोटेक्शनमध्ये जाईल, नाहीतर धूर काढील. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात बंद डिक्कीत, त्याला फार वेळही लागत नाही.

आणखी एक बारकावा. चार-चारच्या डबल कॉइलचे दोन सारखे वूफर घेतले आणि चारही कॉइलना सारखी पॉवर द्यायची म्हटली तर एक, चार किंवा सोळा ओहम एवढेच मिळतात. दोन ओहम मिळतच नाहीत. ॲम्प्लिफायर दोन ओहमला चांगला चालणारा असेल तर वूफर दोन-दोनच्या कॉइलचे घ्यायला हवेत. प्रत्येकाच्या दोन कॉइल सीरिज करून चार, आणि असे दोन वूफर पॅरलल करून दोन. म्हणजे हा निर्णय पक्कड हातात घेताना होत नाही, तो दुकानात पैसे मोजतानाच झालेला असतो.

ब्रिजिंगची गोष्ट तर याहून फसवी. दोन चॅनेल ब्रिज केले की एक चॅनेल वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो; त्यामुळे वूफरवर दुप्पट व्होल्टेज येते, पण प्रत्येक चॅनेलला वूफरचे निम्मेच ओहम दिसतात. चार ओहमचा वूफर ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनेलला दोन ओहम. म्हणूनच 'स्टिरिओला २ ओहम, ब्रिजला ४ ओहम' असे पाटीवर छापलेले असते. ती छापाईची चूक नव्हे!

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या प्रकाराला आपण 'इम्पिडन्स मॅचिंग' म्हणतो, आणि मला वाटते घोळ या शब्दातच आहे. नेटवर्कच्या पेपरात मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम हमखास येतो : सोर्सचा रेझिस्टन्स आणि लोडचा रेझिस्टन्स सारखा असेल तेव्हा लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते. आपण तो पाठ करतो, दहापैकी आठ मार्क घेतो आणि गाडीलाही तोच लावायला जातो. पण ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स चार ओहम नसतोच. डॅम्पिंग फॅक्टर २०० असलेल्या ॲम्प्लिफायरचा चार ओहमच्या हिशेबाने तो फक्त ०.०२ ओहम येतो. खरोखर मॅचिंग करायचे म्हटले तर ०.०२ ओहमचा वूफर जोडावा लागेल. म्हणजे जवळजवळ शॉर्टच! शिवाय मॅचिंगमध्ये निम्मी पॉवर सोर्समध्येच जळते, हे त्याच थिअरमच्या पुढच्या ओळीत असते. ती ओळ आपण ऑप्शनला टाकलेली असते.

मग हा शब्द आला कुठून? व्हॉल्व्हच्या जमान्यातून. व्हॉल्व्हला जास्त ओहमचा लोड लागतो, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून स्पीकर जुळवावा लागे. गॅदरिंगला मंडपवाला जो जुन्या धाटणीचा ॲम्प्लिफायर आणतो, त्याच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे वेगवेगळे टर्मिनल असतात, ते बघा. तिथे स्पीकर ज्या टर्मिनलचा त्यालाच जोडायचा असतो. गाडीतल्या ॲम्प्लिफायरला मात्र 'यापेक्षा खाली जाऊ नका' एवढीच एक मर्यादा असते. तिला मॅचिंग न म्हणता 'किमान लोड' म्हटले तर निम्मे अपघात टळतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वॅटच्या आकड्यांचेही तसेच. डेकवर ठळक अक्षरांत '५० वॅट × ४' लिहिलेले असते. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. त्यांचा वर्ग भागिले चार म्हणजे ५१.८. हा आकडा आवाज पूर्ण फाटून स्क्वेअर वेव्ह झाल्यावरचा! स्वच्छ साइन वेव्हला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ च्या आतच. खात्री करायची असेल तर मागचा फ्यूज बघा. १० अँपिअरचा असेल तर १४.४ ने गुणून १४४ वॅट आत जातात. मग २०० वॅट बाहेर कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! '३००० वॅट' लिहिलेल्या ॲम्प्लिफायरला ३० चे दोन फ्यूज असतील तर आत जास्तीत जास्त ८६४ वॅट जातात. पाटी खोटे बोलेल, फ्यूज बोलत नाही.

हा आड म्हणजे गाडीचा अल्टरनेटर. ४०० वॅट बाहेर काढायला ८० टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी ॲम्प्लिफायर ५०० वॅट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर ओढतो. त्यासाठी चार स्क्वेअर एमएमची पाच मीटर तांब्याची वायर टाकली तर त्या वायरमध्येच पाऊण व्होल्ट पडतो आणि २६ वॅट उष्णता होते. म्हणजे गालिच्याखाली लॅबमधला एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखे झाले. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर त्याहून वाईट. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल तर तो एखाद्या दिवशी वायर घासून शॉर्ट होण्याची वाट पाहण्याचाच प्रकार आहे. एवढे करून मिळते काय? चार ओहमवरून एक ओहमवर आलो तर चौपट पॉवर, म्हणजे ६ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. करंट चौपट आणि आवाज दुप्पटसुद्धा नाही!

काही जण म्हणतील, "आपण काय कार डेकोरचे दुकान टाकायला इंजिनिअरिंगला आलो का?" मान्य. पण गावाकडे शेतात सौर पंप बसतो तेव्हा पॅनेल सीरिजमध्ये किती लावायची आणि कंट्रोलरला किती व्होल्ट झेपतात, हा प्रश्न याच जातीचा असतो. घरच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या जोडतानाही तोच असतो. गावातली माणसे असे प्रश्न प्राध्यापकांना विचारायला येत नाहीत, सुट्टीत घरी आलेल्या पोराला विचारतात. "अरे, तू इंजिनिअरिंगला आहेस ना?" असे काका विचारतात तेव्हा मार्कशीट दाखवून भागत नाही.

म्हणून आपल्या स्टाफला माझी एक नम्र विनंती आहे. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये ओहमचा नियम रिओस्टॅटवर पडताळण्याऐवजी एकदा जुन्या वूफरवर पडताळू द्या. ऑसिलेटर आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर सीरिजमध्ये, एवढ्यावर काम भागते. सोबत दोन मीटर. २० ते २०० हर्ट्झपर्यंत फिरवून ग्राफ काढला की पोरांना आपोआप दिसेल : मल्टिमीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवणारा 'चार ओहमचा' वूफर रेझोनन्सला वीस-तीस ओहमपर्यंत जातो. इम्पिडन्स आणि रेझिस्टन्स यांतला फरक व्हायव्हात विचारायची गरजच उरणार नाही. आणि जमल्यास एखाद्या शनिवारी त्या मिस्त्रीलाही तासभर बोलवा. तो आपल्याला पाट्या वाचायला शिकवेल, आपण त्याला व्होल्टेजचा वर्ग समजावू.

आणि तोवर मित्रहो, सुट्टीत गावी जाताना बॅगेत एक मल्टिमीटर टाकून न्या. कुणाच्याही गाडीत वूफर बसत असेल तर ॲम्प्लिफायरची वायर जोडण्याआधी वूफरच्या दोन टोकांना मीटर लावा. एकच्या आसपास दाखवत असेल आणि पाटीवर किमान दोन लिहिले असेल, तर मिस्त्रीला तिथेच थांबवा. तो ऐकतो. फक्त सांगणाऱ्याला खात्री पाहिजे.