सॉफ्टवेअरला आमचं ड्रिल माहीत नव्हतं

'हे तर सॉफ्टवेअर आपोआप करतं ना? मग यात तू काय केलंस?'

विज्ञान प्रदर्शनात एका परीक्षकांनी आमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलाला हे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते पुढच्या टेबलाकडे गेले. मुलगा गप्प. मीही गप्पच, कारण मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, सोबत गेलो होतो ते विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून. पण त्या बोर्डाचे सहा महिने मी शेजारी बसून पाहिले होते. तेव्हा तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

मुलगा शाळा सुटली की मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याने घरी एक छोटा कॉम्प्युटर बनवला. डोकं झेड-८०, म्हणजे १९७६ साली बाजारात आलेली चाळीस पायांची चिप. सोबत ३२ केबीची रॉम, ३२ केबीची रॅम, लॅपटॉपशी बोलायला एक चिप आणि दोन-तीन किरकोळ आयसी. सर्किट त्याचं स्वतःचं नाही, असे नकाशे इंटरनेटवर मिळतात आणि त्याने ते कधी लपवलं नाही. पण नकाशा फक्त कोणता पाय कुणाला जोडायचा एवढंच सांगतो. कोण कुठे बसेल आणि तांब्याची रेघ कुठून जाईल, हे बोर्ड करणाऱ्याला ठरवावं लागतं. इथे सोळा पत्त्याच्या आणि आठ डेटाच्या रेघा आहेत. त्यातल्या बहुतेक तिन्ही मोठ्या चिपांकडे जायच्या आणि एकीनेही दुसरीला शिवायचं नाही.

किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याच्या फाइलवर आपोआप रेघा ओढून देणारा प्रोग्रामही फुकट मिळतो. आमच्या मुलाने आधी तोच चालवला, हे परीक्षकांना सांगायला हवं होतं. दहा मिनिटांत सगळ्या रेघा जुळल्या, एकही जोड बाकी नाही. आम्ही दोघे खूश. मग त्याने मोजलं तर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाणारी भोकं ६१ निघाली.

कारखान्यात या भोकांच्या आत तांबं चढवून मिळतं, तिथे ६१ काय आणि ६०० काय. घरी प्रत्येक भोक हातातल्या छोट्या ड्रिलने पाडायचं, त्यातून तार ओवायची, दोन्ही बाजूंनी सोल्डर करायची. आणखी एक अडचण म्हणजे आयसीचं सॉकेट बसवलं की त्याच्या पायांना वरच्या बाजूने सोल्डरिंगचं टोक पोचतच नाही. म्हणजे सॉकेटकडे येणारी रेघ खालच्याच बाजूने यायला हवी. प्रोग्रामने तर निम्म्या रेघा वरून आणल्या होत्या. त्यात त्याची चूक नाही. भोक महाग आहे, वरून येऊ नकोस, हे त्याला सांगता येतं. पण सांगण्याआधी ते आपल्याला कळलेलं असावं लागतं आणि मुलाला ते तेव्हा कळलं. परीक्षकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

त्याने सगळ्या रेघा पुसल्या आणि चिपा हलवायला सुरुवात केली. माझ्या मते खरं काम हेच होतं, रेघा नंतर. झेड-८० बनवणाऱ्यांनी डेटाचे पाय ओळीने ठेवलेले नाहीत. चार, तीन, पाच, सहा, मग मध्येच पाच व्होल्ट, मग दोन, सात, शून्य, एक. रॉम आणि रॅमचे पाय मात्र क्रमाने. चिपा कशाही ठेवा, गुंता होणारच. त्याने कागदाच्या चिपा कापल्या आणि आठवडाभर वर्गाच्या शेवटच्या बाकावर त्या फिरवत बसला. (माझ्याच तासाला. मी पाहिलं आणि सोडून दिलं.) मग एका दुपारी येऊन म्हणाला, 'सर, रॅम को क्या मालूम कौन सी तार डी-झिरो है?'

मला काही कळलं नाही. त्याने समजावलं. रॅममध्ये जे लिहायचं ते त्याच तारांनी परत वाचायचं. मग दोन तारा बदलल्या तर लिहिताना जी अदलाबदल होईल, तीच वाचताना उलटून जागेवर येईल. म्हणून रॅमचे डेटाचे पाय आपापसात बदलले तरी चालतात, पत्त्याचेही चालतात. रॉममध्ये चालत नाही, कारण तिथे प्रोग्राम आधीच दुसऱ्या यंत्रावर लिहून आलेला असतो. एवढ्या एका विचाराने रॅमकडच्या जवळजवळ सगळ्या फुल्या सुटल्या. भोकं ६१ वरून १४ वर आली.

उर्दू अखबार हाताने लिहिले जात त्या काळातल्या कातिबांची मला आठवण झाली. नस्तालीकमध्ये शब्द तिरके उतरतात, एकमेकांवर चढतात. ओळ कागदावर कशी बसेल हे लेखणी टेकवण्याआधी डोळ्यांत असावं लागे.

चुकाही झाल्या. प्रत्येक आयसीच्या वीजेच्या पायाला लागून एक छोटा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, याने ते शोभेसाठी कडेला रांगेत लावले होते. मग एकेक उचलून आयसीजवळ नेले. पहिला बोर्ड तर उलटाच छापला गेला. लेझर प्रिंटरची छपाई चकचकीत कागदावरून इस्त्रीने तांब्यावर उतरवायची, तर कागदावर अक्षरं उलटी दिसायला हवीत. याच्या कागदावर ती सरळ होती. रोज उजवीकडून आणि डावीकडून दोन्ही लिप्या वाचणाऱ्या मला ते दिसायला हवं होतं. नाही दिसलं. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड खाऊन झाला, सगळी भोकं पाडून झाली, तेव्हा कळलं की चिपा पाय वर करून बसवाव्या लागतील. अम्मीची इस्त्री खराब झाली ती वेगळीच.

दुसरा बोर्ड चालला. प्रदर्शनात त्याच्यावर बेसिकचा प्रोग्राम चालू होता. पहिला नंबर मिळाला तो तयार किटमधून जोडलेल्या कचरापेटीला, हात पुढे केला की झाकण उघडणारी. ती मुलंही मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार गुणपत्रिकेबद्दल आहे. तिच्यात 'उपयुक्तता' आणि 'सादरीकरण' असे रकाने होते. तू काय पुसलंस आणि का, हे विचारणारा रकाना नव्हता.

आपल्या समाजाबद्दलही थोडी तक्रार आहे. मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा दिसला की आपण म्हणतो, शिक्षणात डोकं नव्हतं म्हणून हाताच्या कामाला लागला. याच मुलाच्या वडिलांना मीही गेल्या वर्षी जवळपास हेच ऐकवलं होतं, पालकसभेत, चारचौघांत. दुकान बंद करा, क्लास लावा. त्या दुकानात तो रोज दुसऱ्यांनी मांडलेले बोर्ड भिंगाखाली वाचत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मागच्या जुम्म्याला नमाजनंतर त्यांची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, 'सर, क्लास तो लगाना ही है, गणित में पैंतीस हैं.'

लावू. पुढच्या प्रदर्शनाला मात्र मी पुन्हा सोबत जाणार आहे, विज्ञानाचे सर असले तरी. टेबलावर दोन्ही बोर्ड ठेवायचे, उलटा आणि सरळ, शेजारी ६१ भोकांचा नकाशा आणि कागदाच्या त्या चुरगळलेल्या चिपा. त्याला सांगून ठेवलंय, परीक्षक आले की आधी उलटा बोर्ड त्यांच्या हातात द्यायचा.